राष्ट्राची श्रद्धा : स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने

श्रावणातील व्रतवैकल्ये आणि राष्ट्राचा स्वातंत्र्यदिन आपल्या घरांत बहुधा एकाच सुमारास येतात. एका हाती पूजेची पत्री आणि दुसऱ्या हाती कागदी तिरंगा घेतलेली नातवंडे सकाळी अंगणात दिसतात आणि त्यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही. तरीही या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न विचारी मनाला चुकत नाही. कुटुंबाला कुलदैवत असते, गावाला ग्रामदैवत असते. मग राष्ट्राला दैवत असावे की नसावे? ज्या देशात व्यापारी आपल्या खतावणीवर देखील प्रथम 'श्री' लिहितो, त्या देशाच्या राज्यघटनेच्या आरंभी ईश्वराचे नाव का नाही? मुरारच्या आमच्या सायंकाळच्या बैठकीत हा प्रश्न अनेकदा निघतो. तो विचारणारी माणसे धर्मवेडी नसतात. पापभीरू, सरळमार्गी आणि देशावर मनापासून प्रेम करणारी असतात. म्हणूनच त्यांना गंभीरपणे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार होता. आपल्या पंचांगाप्रमाणे तेव्हा अधिक श्रावणाचा कृष्णपक्ष चालू होता, आणि अधिक मासात मंगलकार्य आरंभू नये असा आपल्याकडील परिपाठ आहे. मुसलमान बांधवांचा तो रमजानमधील अखेरचा शुक्रवार होता. एकाला जो दिवस वर्ज्य तोच दुसऱ्याला परम पवित्र! सर्वांना मानवेल असा मुहूर्त या देशात काढणे किती कठीण आहे, हे त्या एका दिवसाने दाखवून दिले. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री घटना समितीच्या सभासदांनी जी प्रतिज्ञा घेतली, तीत भारताच्या आणि भारतीय जनतेच्या सेवेस वाहून घेण्याचा संकल्प आहे. कोणत्याही दैवताचा उल्लेख नाही. घटनेच्या प्रास्ताविकेसंबंधी हा प्रश्न उघडपणे चर्चेस आला, तो मात्र दोन वर्षांनंतर.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली प्रास्ताविका विचारार्थ घेण्यात आली, तेव्हा हरि विष्णू कामत यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी उपसूचना मांडली. कामत हे कोणी ऐरेगैरे गृहस्थ नव्हते. आय.सी.एस.मधील मानाची नोकरी सोडून ते सुभाषबाबूंच्या पक्षात गेले होते, मध्यप्रांत-वऱ्हाडातून घटना समितीवर आले होते आणि पुढे आपल्या मध्यप्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम्, येथून लोकसभेवर निवडून गेले. या देशाचा आत्मा आध्यात्मिक आहे, तेव्हा त्याच्या घटनेचे पहिले अक्षर ईश्वरचरणी वाहिलेले असावे, ही त्यांची भावना निर्मळ होती. तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

परंतु विरोध झाला, आणि तो नास्तिकांनी केला असे कोणी समजू नये. त्रावणकोरचे थाणू पिल्लै म्हणाले की आपण स्वतः श्रद्धावान आहोत, तथापि अशी शब्दयोजना म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. आसामचे रोहिणीकुमार चौधरी यांनी विचारले की आम्ही कामरूपचे शक्तिपूजक; मग 'देवीच्या नावाने' असे का नको? पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनविले की ईश्वरावर मतदान करण्याची अवघड पाळी आमच्यावर आणू नका. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी स्पष्ट केले की, ज्या प्रास्ताविकेत श्रद्धेचे स्वातंत्र्य घोषित केले जात आहे तिच्याच आरंभी सर्वांच्या वतीने एका श्रद्धेचा उच्चार करणे हे त्या घोषणेशी विसंगत ठरेल. कामतांनी आग्रह सोडला नाही. मते मोजण्यात आली : बाजूने ४१, विरुद्ध ६८. कामतांना अतीव दुःख झाले आणि ते त्यांनी तेथेच बोलून दाखविले.

येथे कुंझरू कोण होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. ही संस्था नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केली आणि सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान मिळावे, हे तिच्या मूळ उद्दिष्टांत घातले. गोखल्यांचा वारसा सांगणारा हा पुरुष राजकारणातून अध्यात्म हद्दपार व्हावे असे इच्छील, हे संभवत नाही. गोखल्यांच्या परंपरेत अध्यात्माची खूण आचरणात शोधली जाते. सार्वजनिक पैशाचा चोख हिशेब, विरोधकाविषयी सौजन्य, कामाविषयी निष्ठा ही तिची लक्षणे. या दृष्टीने पाहता कामत आणि कुंझरू यांच्यातील वाद आस्तिक-नास्तिकांचा राहत नाही. नाम मोठे की आचरण, हा आपल्या संतांनी शतकानुशतके घोळविलेलाच प्रश्न तेथे नव्या रूपाने उभा होता.

चौधरींची सूचना वरकरणी विनोदी वाटते, पण वादाचे मर्म तिच्यातच आहे. ईश्वराचे नाव घ्यावयाचे तर कोणते? ग्वाल्हेरच्या एका किल्ल्यावर दृष्टी टाकली तरी प्रश्नाची व्याप्ती कळते. तेथे प्राचीन मंदिरे आहेत. कड्याच्या पाषाणात कोरलेल्या, तोमरांच्या काळातील भव्य जिनमूर्ती आहेत. जहांगीराच्या कैदेत राहिलेल्या गुरू हरगोविंदांच्या स्मृतीचा गुरुद्वारा आहे. जैनांना सृष्टिकर्ता ईश्वर मान्य नाही आणि शीख निराकाराला भजतात. किल्ल्याच्या पायथ्याशी शेख मुहम्मद घौस यांचा मकबरा आहे आणि त्याच्या शेजारी तानसेनाची समाधी. या सर्वांच्या वतीने एकच नाव उच्चारू लागलो, तर उच्चारणाऱ्याचा अधिकार कोठून आला हा प्रश्न उभा राहतो. त्याच वर्षी, १२ मार्च १९४९ रोजी, पाकिस्तानच्या घटना समितीने जो उद्दिष्टांचा ठराव केला त्याचा आरंभ ईश्वराच्या सार्वभौमत्वाने होतो. त्या देशाचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल हे हिंदू दलित होते. १९५० साली राजीनामा देऊन ते भारतात निघून आले. ठरावात ईश्वराचे नाव होते; पण तेवढ्याने मंडलांना तो देश आपला वाटेना.

मग आपली प्रास्ताविका श्रद्धाहीन आहे काय? आम्हांस तसे मुळीच वाटत नाही. तीत विश्वास, श्रद्धा आणि उपासना हे तीन शब्द स्वतंत्रपणे योजिले आहेत. विश्वास बुद्धीचा असतो, श्रद्धा अंतःकरणाची असते आणि उपासना देहाने व वाणीने घडते. या तिन्हींचे स्वातंत्र्य देणाऱ्या माणसांना धर्मजीवनाची बारीक जाण होती. त्याच दिवशी आचार्य कृपलानींनी सभागृहाला बजावले की समता, स्वातंत्र्य, बंधुता ही केवळ कायद्याची तत्त्वे नाहीत; ती नैतिक, किंबहुना आध्यात्मिक तत्त्वे आहेत आणि जीवनात उतरली नाहीत तर कागदावर निर्जीव होतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्टच सांगितले की ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून भगवान बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. धर्म प्रास्ताविकेत आहे, पण तो तत्त्वरूपाने विरघळलेला आहे. साखर दुधात विरघळावी तसा. वेगळी काढून दाखविता येत नाही म्हणून ती नाही असे म्हणता येणार नाही.

या विरघळण्याचे उदाहरण आपल्या मराठी भूमीत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच घडले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि त्या उपोषणामुळे मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. चोखोबांना बाहेर ठेवणारी ती पायरी ओलांडण्यास सहा शतकांहून अधिक काळ लागला. विशेष हे की गुरुजींनी विठ्ठल टाकून समता मागितली नाही आणि समता टाकून विठ्ठल पूजिला नाही. पुढे घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा वारकऱ्यांच्या अंतरीचीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आली. आपल्या साहित्यिक मेळाव्यांची सांगता ज्या पसायदानाने होते, त्यातही ज्ञानदेव कोणत्याही एका पंथाच्या दैवताला हाक मारीत नाहीत, आणि दुष्टांचा नाश न मागता दुष्टपणाचा अंत मागतात. एवढी प्रार्थना ज्या भाषेत झाली, त्या भाषेच्या माणसाला प्रास्ताविका परकी वाटू नये.

आता जरा आपल्या घराकडे वळू. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली छावणी दिली आणि तिचेच लष्कर झाले. शिलेदार, कारकून, शास्त्री, वैद्य अशा नाना नात्यांनी आपले पूर्वज या दरबाराच्या आश्रयाने येथे आले. मुरारची इंग्रजी छावणी १८८६ साली शिंदे सरकारांकडे परत आल्यावर येथेही आपली वस्ती वाढली. शिंदे दरबाराची धर्माविषयीची उदारता आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान सार्थ आहे. महादजींची बीडचे सूफी साधू मन्सूरशाह यांच्यावर निष्ठा होती आणि गोरखीच्या देवघरात त्यांची गादी आजवर पूजिली जाते. मोहरमात दरबारचा ताजिया निघत असे. माधवराव महाराजांच्या फुलबागेत गोपाळमंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिस्टांचे प्रार्थनागृह एकाच आवारात नांदतात. येथे येणाऱ्या पाहुण्याला फुलबाग दाखविल्यावाचून आपण सोडीत नाही.

पण एका गोष्टीचा विचार करावा. बाग कितीही सुंदर असली तरी बागेला धनी असतो. त्या काळी मशिदीला जागा मिळाली ती धन्याच्या मनाच्या मोठेपणामुळे. धनी कोत्या मनाचा निघता तर? उदारता ही राजाची देणगी होती. प्रजेचा तो हक्क नव्हता. २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्यभारताचे उद्घाटन झाले, जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाला आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने राजेपदांची मान्यता व तनखेही संपले. या प्रवासात आपल्या घराण्यांचे काही गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दरबाराची जवळीक गेली, इनामे गेली, मराठीचा राजमान गेला. पूर्वी 'आपल्या सरकारचे राज्य' म्हणणारे आपण कोट्यवधी हिंदीभाषकांच्या प्रदेशातील मूठभर अल्पसंख्य झालो.

आणि तरीही आपण येथे ताठ मानेने राहिलो. हे कोणाच्या कृपेने? त्याचे उत्तर घटनेत आहे. अनुच्छेद २९ प्रत्येक समाजाला आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. १९५६ साली घातलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. आणि अनुच्छेद ३० मध्ये शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क धर्माने अल्पसंख्य असलेल्यांना व भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना एकाच वाक्यात दिलेला आहे. वाचकांनी या एका वाक्यावर क्षणभर थांबावे. ज्या कलमाच्या आधारे आपण ग्वाल्हेरात मराठी शाळा काढू शकतो, त्याच कलमाच्या आधारे मुसलमान, ख्रिस्ती आणि शीख आपल्या शाळा काढतात. बहुसंख्यांच्या इच्छेपुढे अल्पसंख्यांचे हक्क चालू देऊ नयेत, असे एखाद्या बैठकीत कोणी आवेशाने बोलतो तेव्हा आपण कोणत्या फांदीवर बसलो आहोत, याचे भान त्याला राहिलेले नसते. धर्माच्या गणतीत आपण येथे बहुसंख्य आहोत, भाषेच्या गणतीत अल्पसंख्य. एक हक्क छाटावा आणि दुसरा शिल्लक राहावा, अशी सोय त्या वाक्यात नाही.

आणखी एका विषयाला स्पर्श करणे आम्हांस कर्तव्य वाटते, जरी आपल्या मंडळींत तो सहसा टाळला जातो. स्वातंत्र्याला सहा महिनेही झाले नव्हते तोच, ३० जानेवारी १९४८ रोजी, प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींची हत्या झाली. मारेकरी मराठी होता, आणि ते पिस्तूल ग्वाल्हेरमधून मिळविलेले होते, ही खटल्यात पुढे आलेली बाब आहे. राष्ट्र आणि आपला धर्म यांना जे एकच समजतात, त्यांना वेगळ्या विचाराचा धार्मिक माणूसही शत्रू वाटू लागतो, हे त्या घटनेने दाखविले. गांधीजींइतका रामनाम घेणारा पुरुष त्या काळी दुसरा कोण होता? परंतु त्यानंतर महाराष्ट्रात जे घडले तेही विसरता येत नाही. मारेकऱ्याची जात पाहून ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता अशा कुटुंबांची घरे जाळण्यात आली. दोन्ही कृत्ये सारखी नाहीत. परंतु त्यांच्या मुळाशी एकच भ्रम आहे, तो असा की माणूस म्हणजे त्याचा समूह. प्रास्ताविकेने व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा जो उच्चार केला आहे, तो या भ्रमाला दिलेले उत्तर आहे. अपराध व्यक्तीचा असतो; त्याचे ओझे ना तिच्या जातीवर टाकता येत, ना भाषेवर, ना धर्मावर.

कामतांच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र उरतो आणि तो दुबळा नाही. ईश्वराचे भय गेले की माणसाला कशाचाच धरबंध राहत नाही, असे पुष्कळांना वाटते. याविषयी आम्ही शासकीय सेवेतील अनुभव सांगू शकतो. तहसिलीत साक्षीदारांना शपथ देण्याचे काम आम्ही असंख्य वेळा केले आहे. आपला कायदा दोन्ही मार्ग खुले ठेवतो : ज्याला इच्छा असेल त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, नसेल त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांपासून न्यायमूर्तींपर्यंत सर्वांना हाच विकल्प आहे. आमचे निरीक्षण असे की जमिनीच्या वादात गंगाजळ उचलून खोटे बोलणारे आम्ही पाहिले आणि भावाविरुद्ध जाणारे सत्य शांतपणे सांगणारेही पाहिले. त्यांचे खरेखोटेपण शपथेच्या शब्दांवर अवलंबून नव्हते. ज्याच्या मनात समोरच्या माणसाविषयी काही चाड होती, तो खरे बोलत असे. ईश्वराचे भय ज्याच्या अंतरी आहे, त्याला ते कागदावर लिहिण्याची गरज पडत नाही. ज्याच्या अंतरी नाही, त्याला कागदावरील अक्षर रोखीत नाही.

राष्ट्राची श्रद्धा कोणती, या मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर आता मांडतो. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते. त्याच देशाने १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी स्त्रीपुरुषांना मताचा हक्क दिला. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची अट नाही, जातीची वा धर्माची तर नाहीच. सही करता न येणाऱ्या माणसाच्या हाती राज्याचे भवितव्य सोपविणे याला हिशेबी शहाणपण म्हणता येणार नाही. ही श्रद्धाच होय. भिंड-मुरैनाच्या बाजूस निवडणुकीच्या कामावर असताना, एरवी एका पाणवठ्यावर न येणारी माणसे एकाच रांगेत उभी राहून बोटाला सारखीच शाई लावून घेताना आम्ही पाहिली आहेत. घटनाकारांनी मूर्तीची प्रतिष्ठापना केली नाही, हे खरे. त्यांनी सामान्य माणसावर श्रद्धा ठेवली. ज्या परंपरेत नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराऐवजी तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, तिला ही श्रद्धा अधार्मिक वाटण्याचे कारण नाही.

अशा श्रद्धेचे दोन शत्रू आहेत. पहिला, व्यक्तिपूजा. धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात देऊन ठेवला आहे. दुसरा शत्रू म्हणजे शब्दांवरच लढत बसण्याची खोड. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने प्रास्ताविकेत जो शब्द आला, तो मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' आहे आणि हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष'. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना यातील अर्थच्छटा चटकन कळते. कर्तव्य या अर्थी जो धर्म, त्याच्यापासून राज्य कधीच निरपेक्ष असू शकत नाही; पंथांच्या बाबतीत मात्र त्याने तटस्थच असले पाहिजे. तो शब्द काढावा या मागणीस सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नकार दिला. शब्द राहिला, हे ठीकच झाले. परंतु तो येण्यापूर्वीही अनुच्छेद २५ ते २८ मध्ये त्याचा आशय होताच, आणि तो राहिल्यानेही आपले आचरण आपोआप सुधारत नाही.

बंधुता ही एकच गोष्ट अशी आहे की जी कोणतेही न्यायालय बजावून देऊ शकत नाही. समतेसाठी दावा लावता येतो, स्वातंत्र्यासाठी अर्ज करता येतो; शेजाऱ्याविषयी आपुलकी वाटावी म्हणून कोणता हुकूमनामा काढावयाचा? तिची परीक्षा आपल्या उंबरठ्यावर होते. मुले नोकरीसाठी पुणे-बंगळूरला गेल्यामुळे आपले वाडे रिकामे पडू लागले आहेत आणि खोल्या भाड्याने दिल्या जातात. भाडेकरू आला की अनेक घरांत पहिला प्रश्न आडनावाचा असतो. तो भाडे वेळेवर देईल काय, हा प्रश्न मागाहून येतो. हीच आपली मुले परप्रांतात खोली शोधीत हिंडतात तेव्हा त्यांचे आडनाव, त्यांची भाषा आणि त्यांचे खाणेपिणे विचारून कोणी दार लावून घेतले, तर आपल्याला संताप येतो. तो संताप योग्यच आहे. त्याच संतापाचे माप आपल्या दाराशी लावून पाहावे, एवढीच सूचना आहे.

येत्या १५ ऑगस्टला देवघरात समई लावावी आणि मग ध्वजवंदनास जावे. दोहोंत विरोध नाही. राष्ट्राने आपल्या देवाचे नाव घ्यावे, असा आग्रह धरण्यापेक्षा आपल्या देवाला शोभेल असे राष्ट्रात वागावे, हे अधिक कठीण आहे आणि अधिक धार्मिकही. कामतांचा प्रस्ताव ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळला गेला; परंतु त्यांच्या मनातील जी निर्मळ इच्छा, ती पूर्ण करण्यास प्रत्येक नागरिक आजही मुखत्यार आहे, आणि त्यासाठी कोणत्याही सभागृहाच्या बहुमताची आवश्यकता नाही.